कॉलेज सांभाळून विमान शिकवताना



मी तुमच्या इंदापूर तालुक्याचीच नात. माझे बाबा पुण्याला एका कारखान्यात मशीनवर होते. कंपनीनं त्यांना अमेरिकेत पाठवलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. आता आम्ही ओहायो नावाच्या राज्यात राहतो. मी तिथल्या सरकारी विद्यापीठात यांत्रिकी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आणि आठवड्यातले काही तास मी जवळच्या एका छोट्या विमानतळावर लोकांना विमान चालवायला शिकवते.

सुट्टीत आजीकडे आले, तर तिच्या बचत गटाची मासिक बैठक आमच्याच पडवीत होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली आणि मग सगळ्या माझ्याकडे वळल्या. "तू चालवतेस की शिकवतेस?" "मग कॉलेज कधी करतेस?" "पगार किती?" "भीती नाही वाटत?" आणि एका काकूंनी विचारलं, "अगं, पण तू स्वतःच अजून शिकतेस ना? मग दुसऱ्याला कशी शिकवतेस?" हा प्रश्न मला फार आवडला. रेडिओच्या ताईंनी तो ऐकला आणि म्हणाल्या, हेच सगळं आपल्या केंद्रावर येऊन सांग. म्हणून आले.

आपल्या रानावरून बारामतीच्या धावपट्टीची शिकाऊ विमानं जातात, ती तुम्ही रोज बघता. मी लहानपणी त्यांच्या मागे बांधावरून पळायचे. मी शिकवते ते विमान साधारण तेवढंच. चार माणसं बसतात, पुढे एक पंखा, एक इंजिन. रिकाम्या विमानाचं वजन आठशे किलोच्या आत-बाहेर. पुढे दोन खुर्च्या शेजारी-शेजारी असतात. दोन्हीकडे स्टिअरिंग आणि दोन्हीकडे पायात पट्ट्या. डावीकडे शिकणारा बसतो, उजवीकडे मी. म्हणजे त्याच्याकडून चुकलं, तर मला माझ्या बाजूनं सावरता येतं.

आता शिक्षक कसं होता येतं ते सांगते. अमेरिकेत सोळाव्या वर्षी एकट्यानं विमान उडवता येतं आणि सतराव्या वर्षी स्वतःपुरता, म्हणजे खासगी परवाना मिळतो. त्याला कमीत कमी ४० तासांचं उड्डाण लागतं, पण बहुतेकांना त्याहून जास्त वेळ लागतो. मलाही लागला. पुढे ढगातून, फक्त काटे बघून उडवायचं शिक्षण. मग व्यावसायिक परवाना, त्याला साधारण २५० तास. आणि त्यानंतर शिक्षकाची परीक्षा. वय १८ पूर्ण असलं की ती देता येते. दोन लेखी पेपर असतात. त्यातला एक विमानाचा नाहीच, तो माणूस शिकतो कसा यावरचा आहे. मग परीक्षकासमोर तोंडी परीक्षा. माझी पाच तास चालली. त्यांनी मला फळ्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, "मला काही येत नाही असं समज आणि शिकव." शेवटी प्रत्यक्ष उड्डाण. मी विसाव्या वर्षी शिक्षक झाले.

ह्या सगळ्याला आमचे साधारण ७० हजार डॉलर लागले, चार वर्षांत. थोडे आई-बाबांनी साठवलेले, थोडे मी वाणसामानाच्या दुकानात गल्ल्यावर बसून मिळवलेले आणि निम्म्याहून जास्त कर्ज. कॉलेजच्या कर्जाचे हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतील. पण ह्या उड्डाणाच्या कर्जाचं व्याज शिकत असतानाच भरावं लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

तिथं कॉलेजात असताना शिकवायचं काम बरीच मुलं धरतात, त्याला कारण आहे. प्रवासी विमान कंपनीत लागायला साधारण १५०० तासांचा अनुभव मागतात. विमानशास्त्राचीच पदवी असली तर काहींना तो १००० तासांवर येतो, पण माझी पदवी ती नाही. हे तास विकत घ्यायचे म्हटलं तर घर विकावं लागेल. शिकवलं, तर शिकणारा विमानाचं भाडं देतो आणि तो तास माझ्याही वहीत चढतो, वर थोडे पैसेही मिळतात. माझे आता ६४० तास झालेत.

पगाराचा हिशेब उघडच सांगते, कारण बचत गटात बसून हिशेब लपवायचा नसतो. मला तासाला २५ डॉलर मिळतात, म्हणजे दोन हजार रुपयांच्या वर. ऐकून तुमचे डोळे मोठे होतील. पण डॉलरला रुपयानं गुणून खूश होऊ नका, तिकडचा खर्चही डॉलरातच आहे. आणि हे पैसे फक्त विमान चालू असताना किंवा समोर बसवून शिकवताना मिळतात. विमानतळावर जाऊन ढग हटायची वाट बघत दोन तास बसले, तर त्याचे शून्य. उन्हाळ्यात कॉलेजला सुट्टी असते, दिवस मोठा असतो, महिन्याला साठ-पासष्ट तास भरतात. डिसेंबर-जानेवारीत बर्फ, धुकं, ढग. तेव्हा महिन्याला वीस तास झाले तरी खूप. पंखांवर दव गोठून पांढरा थर बसला असेल, तर तो पूर्ण काढल्याशिवाय उडताच येत नाही. पंखाचा आकार बिघडला, की तो विमान नीट उचलत नाही. म्हणजे हे काम आपल्या शेतीसारखंच आहे. आभाळानं साथ दिली तर कमाई. म्हणून उन्हाळ्यातल्या पैशातले मी थंडीसाठी बाजूला ठेवते. हे मला कुठल्या कॉलेजनं शिकवलं नाही, आजीच्या गटाच्या वहीनं शिकवलं.

माझा कॉलेजचा दिवस असा. सकाळी आठ ते एक तास आणि प्रयोगशाळा. दीडच्या बसनं विमानतळ, वीस मिनिटं. दोन ते साडेपाच दोन विद्यार्थी. परत येऊन स्वयंपाक, मग अभ्यास. शनिवारी पूर्ण दिवस. एका शिक्षकानं २४ तासांत ८ तासांपेक्षा जास्त वेळ उड्डाण शिकवायचं नाही असा नियम आहे. पण कॉलेजचे तास ह्या नियमात मोजत नाहीत. ते आपले आपणच मोजायचे.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येते. स्वतः शिकणारी मुलगी दुसऱ्याला कशी शिकवते?

माझा पहिला विद्यार्थी साठीचे एक शेतकरी काका होते. मका आणि सोयाबीनची मोठी शेती, घरी तीन ट्रॅक्टर. मला बघून म्हणाले, "शिक्षक कुठे आहेत?" मी म्हटलं, "मीच." त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिथं बाया विमान उडवत नाहीत असं नाही. आमच्याच ओहायोतल्या कोलंबस शहराची जेरी मॉक नावाची गृहिणी, तीन मुलांची आई, वय ३८. ती १९६४ साली एका इंजिनाच्या जुन्या विमानातून एकटीनं पृथ्वीला फेरी मारून आली. असं करणारी जगातली ती पहिली बाई. २९ दिवस लागले. वाटेत ती आपल्या दिल्लीला आणि कोलकात्यालाही उतरली होती. कोलंबसच्या विमानतळावर तिचा पुतळा आहे. तरीपण आजही अमेरिकेतल्या विमान शिक्षकांत शंभरात दहासुद्धा बाया नाहीत. त्यामुळे काकांचं आश्चर्य मी मनाला लावून घेतलं नाही.

पण वर गेल्यावर काकांनी स्टिअरिंग असं घट्ट धरलं, जणू खड्ड्यातून ट्रॅक्टर काढतायत. विमान सारखं वर-खाली. मी एका चाकानं विमानाचा तोल लावून दिला आणि म्हटलं, "आता दोन्ही हात मांडीवर ठेवा." ते तयारच होईनात. शेवटी ठेवले. आणि विमान सरळ चाललं, शांत. काका माझ्याकडे बघून हसले. त्या दिवसापासून त्यांनी मला वयावरून काही विचारलं नाही. नंतर तर दर उन्हाळ्यात पिशवीभर कणसं आणून देतात.

हे त्यांना शिकवताना मला माझंच कळलं. मी स्वतः शिकत होते तेव्हा मीही तसंच घट्ट धरत होते. तेव्हा शिक्षकांचं ऐकून सोडलं, पण का सोडायचं ते कळलं नव्हतं. काकांना समजेल असं सांगायचं म्हणून रात्री पुस्तक काढून बसले, तेव्हा ते डोक्यात शिरलं. दुसऱ्याला समजावताना आपल्या ज्ञानातली भोकं दिसतात. ज्यांनी सुनेला किंवा मुलीला काही शिकवलंय, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

आमच्या कामात एक रीत आहे. विमान एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देताना तीनदा बोलायचं. मी म्हणते, "कंट्रोल तुमच्याकडे." विद्यार्थी म्हणतो, "कंट्रोल माझ्याकडे." मी पुन्हा म्हणते, "कंट्रोल तुमच्याकडे." मगच हात काढायचा. कारण दोघांनाही वाटलं की दुसरा चालवतोय, तर विमान कुणीच चालवत नाही. आणि दोघंही ओढायला लागले, तरी धोकाच. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मागे गटाची पेटी अशीच राहिली होती मंदिरात. हिला वाटलं तिनं नेली, तिला वाटलं हिनं."

शिकवताना सर्वांत अवघड काय, तर हात मागे ठेवून बसणं. समोरचा चुकतोय हे दिसत असतं. लगेच हात घातला, तर तो कधीच शिकणार नाही. उशिरा घातला, तर दोघांचा जीव. आजीनं मला भाकरी शिकवली तेव्हा माझी भाकरी परातीतच फाटत होती, तरी तिनं हात लावला नाही. पण तव्यावर हात भाजणार असं दिसलं, तेव्हा झटकन मनगट धरलं. ती मधली वेळ ओळखणं हेच माझं काम. आणि ती ओळखायला डोकं ताजं लागतं.

आता जे सांगायला खरं तर आले, ते सांगते.

गेल्या वर्षी बाबांच्या कारखान्यात काम कमी झालं. पाळ्या कमी, पगार कमी. कर्जाच्या व्याजाला मी हातभार लावते म्हटलं. तीन विद्यार्थी होते, त्यांचे पाच केले. ऑक्टोबरात कॉलेजच्या सहामाही परीक्षा आल्या. एका रात्री पेपरसाठी तीनपर्यंत जागले, सकाळी पेपर दिला आणि दुपारी विमानतळावर गेले. विद्यार्थिनी होती एक अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, शाळेची बस चालवणारी. पैसे साठवून-साठवून शिकत होती. एकट्यानं उडवायच्या अगदी जवळ आली होती. तिचा तास रद्द करायला माझ्या जिवावर आलं. आणि खरं सांगायचं तर, ते पन्नास डॉलरही मला हवे होते.

उड्डाणाआधी आम्ही प्रत्येकानं स्वतःला सहा प्रश्न विचारायचे असतात. आजारी आहे का? काही औषध घेतलंय का? डोक्यावर ताण आहे का? दारू घेतलीय का? थकलेय का? मन ठिकाणावर आहे का, पोटात अन्न आहे का? मी हे प्रश्न विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेते. त्या दिवशी बाईंना विचारले. स्वतःला विचारले नाहीत.

विमान बाहेरून तपासलं. टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काचेसारख्या पेल्यात काढून त्यात पाणी नाही ना ते बघितलं. सगळं व्यवस्थित. वर गेलो, फेरी मारली, उतरायला लागलो. धावपट्टीवर येताना वेग ताशी साधारण १२० किलोमीटर असतो. बाईंनी नाक जरा उंचावरच वर घेतलं. विमान जमिनीवर आपटलं आणि उसळलं. ह्या उसळीला लगेच हात घालायचा असतो. इंजिन पूर्ण शक्तीवर, नाक सरळ आणि परत वर. हे मी शंभरदा केलंय. पण त्या दिवशी मी बघत राहिले. दोन सेकंद असतील. माझ्या डोळ्यांना दिसत होतं, पण हाताला निरोप पोचत नव्हता. वेग तुटला, धोक्याचा भोंगा वाजला, विमान पुढच्या चाकावर दुसऱ्यांदा आपटलं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "कंट्रोल माझ्याकडे," आणि मी विमान वर नेलं. एक फेरी घेऊन मीच उतरवलं.

बाई गप्प होत्या. उतरल्यावर म्हणाल्या, "माझं फार चुकलं." मी म्हटलं, "तुमचं थोडं चुकलं. जास्त माझं चुकलं."

जोरात आपटलेलं विमान मेकॅनिकनं तपासल्याशिवाय उडवायचं नसतं. मी विमान बाजूला लावलं आणि मुख्य शिक्षकांना जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं, विचारतील की बाईंनी काय केलं, वेग किती होता. त्यांनी एकच विचारलं. "काल रात्री किती झोपलीस?"

मी म्हटलं, "तीन तास."

ते ओरडले नाहीत. म्हणाले, "तीन दिवस उड्डाण नाही. आणि पाचातले दोन विद्यार्थी दुसऱ्या शिक्षकाकडे दे." विमानाला काही झालं नव्हतं. पुढचं चाक, पंखा, सगळं ठीक होतं. पण थोडा वेग आणखी कमी असता तर काय झालं असतं, ते मला अभियांत्रिकीच्या पुस्तकातून नीट काढता येत होतं. त्या रात्री मी ते काढत बसले.

मग आईला फोन केला. आई तिथं घरी कपडे शिवते, मोठे-लहान करून देते. मला सगळ्यांत जास्त भीती तिला सांगायची होती. कारण दोन विद्यार्थी गेले म्हणजे महिन्याचे दोन-अडीचशे डॉलर गेले. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "व्याजाचा हप्ता एक महिना मागे-पुढे झाला, तर आपण बँकेत जाऊन बोलू. तू मागे-पुढे झालीस, तर मी कुणाशी बोलू?"

मी खूप रडले. दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी बँकेशी बोललो. हप्ता थोडा कमी करून मुदत वाढवून मिळाली. व्याज एकूण जास्त जाईल, ते माहीत आहे. पण हा रस्ता आधीपासूनच होता. मी विचारलंच नव्हतं. मला वाटत होतं, मी जास्त काम केलं की सगळं सुटेल.

त्यानंतर मी तीन नियम केले. एक, कॉलेज चालू असताना तीनच विद्यार्थी. दोन, पेपरच्या आदल्या आणि पेपरच्या दिवशी उड्डाण नाही, आणि हे विद्यार्थ्यांना महिनाभर आधी सांगायचं. तीन, सहा प्रश्न आधी स्वतःला, मोठ्यानं. त्यातल्या एकाचंही उत्तर वाईट आलं, तर "आज नाही" म्हणायचं. तास रद्द झाला तर पैसे जातात, विद्यार्थी नाराज होतो. पण "आज नाही" म्हणणं हाही कामाचाच भाग आहे, काम टाळणं नाही. पुढच्या सहामाहीत माझे गुणही वाढले, हे जाता जाता सांगते.

आणि त्या बस चालवणाऱ्या बाई? मला वाटलं होतं, त्या दुसरा शिक्षक मागतील. मी तसं त्यांना सुचवलंही. त्या म्हणाल्या, "स्वतःची चूक सांगणारी शिक्षक मी कशाला सोडू?" आम्ही पुन्हा सुरुवात केली. उसळी आली की काय करायचं, तेवढंच आठवडाभर. पुढे नोव्हेंबरात ढगांनी बरेच दिवस खाल्ले. मग एका सकाळी आभाळ स्वच्छ होतं, वारा शांत होता. आम्ही तीनदा नीट उतरलो. मी त्यांना विमान कडेला थांबवायला सांगितलं, त्यांच्या वहीत परवानगीची सही केली आणि खाली उतरले.

त्या सहीचा अर्थ असा, की ही बाई एकटी उडवू शकते हे मी, माझ्या नावावर आणि माझ्या परवान्याच्या नंबरावर सांगते. ही परवानगी नव्वद दिवस चालते, मग पुन्हा बघून पुन्हा सही. मी हातात छोटा रेडिओ घेऊन धावपट्टीच्या कडेला उभी राहिले. माझं वजन गेल्यामुळे विमान हलकं झालेलं, लवकर उचललं. त्या वेळात माझ्या हातात काहीच नव्हतं. तीन फेऱ्या, तीन वेळा उतरणं. दुसऱ्यांदा जरा उसळलं. त्यांनी लगेच शक्ती दिली, परत वर गेल्या आणि पुढच्या वेळी नीट उतरल्या. मी रेडिओवर एक शब्द बोलले नाही.

तिथं एक रीत आहे. पहिल्यांदा एकट्यानं उडवून आलं, की शिक्षक विद्यार्थ्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कापून त्यावर तारीख लिहितो. म्हणतात, की जुन्या विमानांत शिक्षक मागे बसायचा, बोलायला रेडिओ नव्हता, म्हणून तो विद्यार्थ्याचा शर्ट ओढून सांगायचा. आता ओढायची गरज नाही म्हणून कापायचा. बाईंनी तो तुकडा बसमध्ये आपल्या खुर्चीमागे लावलाय. शाळेची मुलं विचारतात आणि त्या सांगतात.

आता इथल्या मुलींसाठी थोडं. माझ्यासारखं कॉलेज करता करता शिकवणं आपल्याकडे सहसा दिसत नाही. इथं शिक्षकाचं काम बहुधा पूर्णवेळ असतं. पण वैमानिक व्हायची वाट आपल्याकडेही आहे. त्यासाठी आतापर्यंत बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागत आलंय, व्यावसायिक परवान्याला वय १८ पूर्ण आणि २०० तासांचं उड्डाण, शिवाय लेखी परीक्षा आणि डॉक्टरांची कडक तपासणी. ही तपासणी पैसे भरायच्या आधी करून घ्या. फी भरल्यावर डोळ्यात किंवा कानात दोष निघाला, तर पैसे अडकतात. आपल्याकडे बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी शिक्षण मिळतं. उत्तर प्रदेशात रायबरेलीजवळ सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे, तिथं प्रवेश परीक्षा असते. खर्च सगळीकडेच मोठा, पन्नास लाखांच्या घरात जातो. म्हणून उडी मारायच्या आधी शाळा-कॉलेजात एनसीसीचा हवाई विभाग असेल, तर मुलीला तिथं घाला. त्यात छोट्या विमानात बसायची संधी मिळते आणि तिला हे खरंच आवडतं का तेही कळतं.

पैसा मोठा आहे, पण बाईमाणसाला जमेल का हा प्रश्न आता उरलेला नाही. सरला ठकराल ह्यांनी १९३६ साली साडी नेसून परवाना मिळवला होता. १९८५ साली आपल्या कॅप्टन सौदामिनी देशमुख ह्यांनी सगळ्या बायाच असलेलं प्रवासी विमान कोलकात्याहून सिल्चरला नेलं. आज भारतातल्या वैमानिकांत बायांचं प्रमाण जगाच्या मानानं बरंच जास्त आहे.

आजीच्या गटात एक ताई ड्रोन दीदी आहेत. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन त्या रानात ड्रोननं फवारणी करतात. बैठक संपल्यावर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हंगामात दिवसभर लोकांचे फोन येतात. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जातं. मग संध्याकाळी दमल्यावर वारा सुटलेला असला तरी उडवते." मी त्यांना ते सहा प्रश्न लिहून दिले. त्यांनी तो कागद ड्रोनच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय, आणि खाली स्वतःच्या हातानं सातवा प्रश्न घातलाय. "वारा किती आहे?"

मी पुढच्या आठवड्यात परत जाणार. शेवटची सहामाही आहे आणि शेतकरी काकांची परवान्याची परीक्षा आहे. तुम्हाला काही विचारायचं असेल, मुलीच्या शिक्षणाचं, कर्जाचं, कशाचंही, तर रेडिओच्या ताईंकडे चिठ्ठी द्या. मी तिकडून बोलून उत्तर पाठवीन. परीक्षेच्या दिवसांत मात्र थोडा उशीर होईल, ते आत्ताच सांगून ठेवते.